गायरानातल्या ओढ्याकाठी पुन्हा राई उभी करताना

सह्याद्रीच्या पूर्व उतारावर, भोर, वेल्हे, मुळशी, मावळ या पट्ट्यात, एकाच ओढ्याची दोन रूपे पाहायला मिळतात. वरच्या अंगाला, जिथे तो देवराईतून किंवा राखीव जंगलातून उतरतो, तिथे दोन्ही काठांवर उंबर, जांभूळ आणि करंज यांची सावली असते, दगडांवर शेवाळ असते आणि भर एप्रिलमध्येही पाण्यात हात घातला की गारवा लागतो. तोच ओढा गावाच्या गायरानात शिरला की काठ खुरांनी ढासळलेले, पात्र रुंद आणि उथळ, मधूनमधून घाणेरीची जाळी आणि होळीनंतर नुसती डबकी, असे चित्र दिसते. पिढ्यानपिढ्या गुरे पाण्यावर येत राहिली, कोवळा फुटवा खाल्ला गेला, जुनी झाडे वठली किंवा तोडली गेली आणि त्यांच्या जागी नवी आली नाहीत. आता बैलांची जागा ट्रॅक्टरने घेतली आहे, गोठ्यात बांधून सांभाळायची संकरित गाय आली आहे आणि अनेक गावांत गायरानावर जाणारे कळप लहान झाले आहेत. अशा मोकळ्या होत चाललेल्या जमिनीवर ओढ्याकाठची झाडी परत कशी आणावी, याविषयी हे लिहीत आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण बहुतेक कामे इथेच बिघडतात. रोपे लावणे हा या कामाचा शेवटचा आणि सर्वांत लहान भाग आहे. वृक्षारोपणाचा दिवस आधी ठरवायचा आणि मग त्यासाठी ओढ्याकाठी जागा शोधायची, या उलट्या क्रमाने केलेली लागवड पहिल्या उन्हाळ्यापलीकडे क्वचितच टिकते. गुरांपासून संरक्षण, काठ सावरणे आणि जमिनीत जिवंत असलेल्या मुळांना वाव देणे ही कामे आधी झाली, तर लावावी लागणारी रोपे निम्म्याहून कमी होतात.

पहिले वर्ष पाहणीचे

ज्या भागावर काम करायचे तो ओढा वर्षातून तीन वेळा पायी चालून पाहावा: जुलैच्या मोठ्या पावसात, दिवाळीनंतर आणि एप्रिलच्या अखेरीस. पावसात पूर कुठवर चढतो हे झुडपांत अडकलेल्या काडीकचऱ्यावरून कळते आणि ती रेषा दगडांवर चुन्याने आखून ठेवावी, कारण पुढची सगळी लागवड तिच्यावर ठरणार असते. दिवाळीनंतर गुरांच्या वाटा स्पष्ट दिसतात. काठाला काटकोनात उतरणाऱ्या या वाटांतूनच पावसाचे पाणी धावते आणि त्यांच्या घळी होतात. एप्रिलमध्ये कोणते डोह टिकतात आणि कोणत्या वळणावर वाळूखाली ओल राहते ते नोंदवावे.

याच फेऱ्यांत सर्वांत मोलाची नोंद करायची ती खुंटांची. गायरानात गुडघ्याएवढी दिसणारी, वर्षानुवर्षे चावून खुजी राहिलेली जांभळाची किंवा उंबराची झुडपे नीट पाहिली, तर त्यांचे बूड मनगटाएवढे जाड असते. ही लहान रोपे नसतात. वीस-वीस वर्षांची मुळे खाली असलेली ती झाडेच असतात आणि गुरांचे तोंड तीन पावसाळे दूर राहिले की डोक्यावर जातात. अशा प्रत्येक बुंध्याजवळ खुणेची काठी रोवावी. रोपवाटिकेतले कितीही सुदृढ रोप या मुळांची बरोबरी करू शकत नाही आणि तरीही खड्डे घेणारी माणसे जागा साफ करताना नेमकी हीच झुडपे छाटून टाकतात.

जमीन किती घट्ट झाली आहे, हे पाहण्यासाठी साधी चाचणी पुरते. दोन्ही बाजूंनी उघडा केलेला पत्र्याचा डबा जमिनीत चार-पाच सेंटिमीटर ठोकावा, त्यात पाणी भरावे आणि ते मुरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहावे. हीच चाचणी वरच्या देवराईतल्या झाडाखाली करावी. दोन्ही ठिकाणच्या वेळेतला फरक पाहिला की खुरांनी दाबलेल्या जमिनीचे काय झाले आहे, ते गावकऱ्यांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

देवराई आणखी एका कारणासाठी पाहायची असते. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हापासून या राया म्हणजे त्या त्या भागातल्या मूळ जंगलाचे राहिलेले नमुने आहेत, हे अभ्यासक मानत आले आहेत. आपल्या ओढ्यावर काय वाढायला हवे, याचे उत्तर छापील यादीत शोधण्यापेक्षा त्याच ओढ्याच्या उगमाकडच्या राईत शोधावे आणि बीही शक्यतो तिथल्याच खाली पडलेल्या फळांतून, देवस्थानाच्या मंडळींना विचारून घ्यावे.

जमीन कोणाची आणि चराई कोणाची

सातबारा काढून पाहिल्याशिवाय एकही खांब रोवू नये. मालकीची जमीन असली तरी ओढ्याचे पात्र बहुधा मालकाचे नसते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 नुसार नद्या, ओढे आणि नाले, कोणाच्या मालकीचे असल्याचे सिद्ध झालेले नसेल तर, शासनाचे असतात. गायरान असेल तर ग्रामसभेचा ठराव हवा आणि जमीन वनखात्याकडे असेल तर त्या खात्याची परवानगी हवी. सर्वोच्च न्यायालयाने 28 जानेवारी 2011 रोजी जगपाल सिंग यांच्या प्रकरणात गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे निर्देश राज्यांना दिले, त्यानंतर गायरानात कोणी तार ओढू लागले की लोकांच्या मनात शंका येणे रास्त आहे. म्हणून जमीन गायरानच राहील, गवतावर गावाचाच हक्क राहील आणि बंदी किती वर्षांची आहे, या तीन गोष्टी ठरावात स्वच्छ शब्दांत लिहाव्यात.

कागदापेक्षा अवघड भाग चावडीवरच्या बोलण्याचा असतो. कळप कमी झाले असले तरी ज्यांच्याकडे ते आहेत, मग ते गवळी धनगर असोत किंवा चार शेळ्यांवर घर चालवणारी एखादी म्हातारी, त्यांचेच पोट गायरानावर अवलंबून असते. त्यांना न विचारता घातलेले कुंपण टिकत नाही आणि माझ्या मते ते टिकूही नये. बोलताना आकडे समोर ठेवावेत. अर्धा किलोमीटर ओढा आणि दोन्ही बाजूंना 15 मीटर पट्टा धरला, तर बंद होणारी जमीन दीड हेक्टर, म्हणजे पावणेचार एकरांच्या आत भरते. उरलेले गायरान खुले राहते आणि बंद पट्ट्यातले गवत कापून न्यायला मिळते, हे त्याच बैठकीत ठरवून टाकावे. हिवरे बाजारने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळून दाखवली ती गावाने स्वतः घातलेली बंदी होती, म्हणून ती टिकली. ओढ्यासाठीही राखणदार बाहेरचा न नेमता गुराख्यांपैकीच एखाद्याला वर्षभराच्या मेहनतान्यावर नेमावे, कारण कोणाचे जनावर कुठून शिरते हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक नसते.

पाणवठा आधी, कुंपण नंतर

मोठे जनावर उन्हाळ्यात दिवसाला 50 लिटरांच्या आसपास पाणी पिते. ओढा बंद केला आणि पाण्याची दुसरी सोय केली नाही, तर तहानलेली गुरे कुठलेही कुंपण मोडतील. त्यासाठी दोन मार्ग आहेत. वरच्या डोहातून उताराने पाइप आणून पट्ट्याबाहेर हौद किंवा दगडी डोण भरत ठेवणे हा चांगला मार्ग आहे. जिथे ते जमत नाही तिथे ओढ्यावर एकच उतार निश्चित करावा, तोही जिथे तळाला कातळ किंवा मोठे गोटे आहेत अशा जागी. काठाला चार-पाच मीटर रुंदीचा सौम्य ढाळ द्यावा, त्यावर दगड बसवावेत आणि दोन्ही बाजूंनी कुंपण पाण्यापर्यंत न्यावे. बाकीच्या सगळ्या गुरवाटा वरच्या टोकाला काटेरी फांद्यांनी बंद कराव्यात आणि घळीत दर काही पावलांवर सुट्या दगडांचे लहान बांध घालावेत. माती त्यामागे आपोआप साठते.

काटेरी तार महाग पडते आणि चोरीलाही जाते. जिथे दगड मुबलक आहे तिथे कमरेएवढा गडगा सर्वांत टिकाऊ असतो. नाहीतर शेर, सागरगोटा आणि चिल्हार यांचे जिवंत कुंपण करावे, पण ते दाटायला दोन-तीन पावसाळे लागतात, म्हणून तोवर बाहेरून बोरी-बाभळीच्या फांद्यांची वई घालावी लागते. कुंपण पुराच्या रेषेच्या वर असावे. ओढा आडवा ओलांडणारी तार कधीही घट्ट बांधू नये, कारण पहिल्या पुरात तिला ओंडके अडकतात आणि ती दोन्ही बाजूंचे खांब घेऊन जाते.

बंदीचा पहिला पावसाळा

या वर्षी काहीही लावू नये. गवत कसे बदलते ते पाहावे. अति चराईच्या आणि दरवर्षी जाळलेल्या जमिनीवर कुसळी माजलेली असते. संरक्षण मिळाले की तिच्यात हळूहळू मारवेल, शेडा, पवना अशी चाऱ्याची गवते डोके वर काढतात. खुंटांवर हातभर फुटवे येतात. पक्ष्यांनी आणि वटवाघळांनी टाकलेल्या बियांतून रोपे उगवतात आणि त्यांना आणखी आमंत्रण द्यायचे असेल, तर पट्ट्यात ठिकठिकाणी वाळलेल्या फांद्यांचे उंच खांब रोवावेत, म्हणजे बुलबुलांना बसायला जागा होते आणि त्यांच्या विष्ठेतून बी खाली पडते.

मात्र गुरे थांबली की गवत कमरेएवढे होते आणि फेब्रुवारीत तेच वणव्याचे इंधन बनते. चराईबंदी केलेल्या कितीतरी जागा अशाच एका रात्रीत गेल्या आहेत. म्हणून गवत पक्व होण्याच्या सुमारास, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, ते विळ्याने कापून गावाने न्यावे. यात चारा आणि संरक्षण दोन्ही साधते. डिसेंबर संपण्याच्या आत पट्ट्याच्या बाहेरच्या अंगाने तीन मीटर रुंदीची जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारा गवत काढलेला पट्टा, खरवडून घ्यावी. कापणाऱ्यांबरोबर आपण स्वतः राहावे आणि खुणेच्या काठ्यांभोवतीचे गवत हाताने उपटावे, कारण गवताबरोबर रोप कापले जाणे ही सर्वांत सहज घडणारी चूक आहे.

काठ सावरणे

खुरांनी तुटलेला उभा काठ रोपांनी थांबत नाही. आम्ही एका ओढ्यावर पहिल्याच वर्षी, जूनमध्ये, काठाच्या कडेला दीड-दीड फुटाचे खड्डे घेऊन चारशे रोपे लावली होती. खड्ड्यांनी काठाची माती सैल झाली आणि जुलैच्या तिसऱ्या आठवड्यातल्या पुराने रोपांसह तो सगळा काठ ओढून नेला. तेव्हापासून पुराच्या रेषेखाली आम्ही खड्डा खणत नाही. तिथे पहारीने भोक पाडून फाटे, म्हणजे रुजणाऱ्या ओल्या फांद्यांचे तुकडे, रोवतो.

फाट्यांसाठी वाळुंज आणि निरगुडी ही दोन झाडे फार उपयोगाची आहेत. अंगठ्याएवढ्या जाडीचे, 60 ते 75 सेंटिमीटर लांबीचे, कोंबांची दिशा वर ठेवून, दोन तृतीयांश भाग जमिनीत जाईल असे आणि किंचित तिरके फाटे रोवावेत. पूर ओसरून काठ ओला असतानाचा काळ, म्हणजे भाद्रपद-आश्विन, यासाठी उत्तम असतो, कारण पुढच्या पुराला नऊ-दहा महिने असतात आणि तोवर मुळे धरतात. जिथे काठ फारच तुटला आहे तिथे निरगुडीच्या ओल्या फांद्यांच्या मोळ्या बांधून काठाच्या पायथ्याशी आडव्या ठेवाव्यात, खुंट्या ठोकून पक्क्या कराव्यात आणि वर माती लोटावी. त्या मोळ्याच फुटतात. निरगुडीला गुरे तोंड लावत नाहीत, हा तिचा आणखी एक गुण आहे. मोळ्यांच्या मधे वाळ्याचे ठोंब वीतभर अंतराने लावले, तर त्याची खोल उभी मुळे काठ शिवून टाकतात. पात्रातल्या खडकांच्या सापटीत शेरणी असेल आणि कडेला लव्हाळा असेल, तर त्यांना हात लावू नये.

यंत्राने पात्र खोल आणि सरळ करून घेण्याचा प्रस्ताव या टप्प्यावर हमखास येतो. तो नम्रपणे पण ठामपणे नाकारावा. खोल केलेल्या ओढ्यात पाण्याची पातळी मुळांच्या आवाक्याखाली जाते आणि यंत्र चालवण्यासाठी काठावरची उरलेली झाडेही काढली जातात.

कोणते झाड कुठे

दुसऱ्या किंवा तिसऱ्या पावसाळ्यात रिकाम्या राहिलेल्या जागा भरायला घ्याव्यात. पुराच्या रेषेच्या आसपास, जिथे मुळांना उन्हाळ्यातही ओल पोहोचते, तिथे करंज, उंबर आणि जांभूळ ही मुख्य झाडे. करंजाची मुळे माती घट्ट धरतात, पुरात दोन दिवस पाण्याखाली राहूनही तो मरत नाही आणि गुरे त्याला सहसा खात नाहीत. म्हणून सुरुवात त्याच्यापासून करावी. उंबर हा पक्षी, वटवाघळे आणि माकडे यांना वर्षातून अनेकदा अन्न देतो, ती येतात तेव्हा इतर झाडांचे बी आणतात आणि पाण्यात पडलेली फळे मासे खातात. दर 30-40 पावलांवर एक उंबर असला, तर निम्मी लागवड पुढे तोच करून घेतो. रेषेच्या वर, कोरड्या पट्ट्यात, बेहडा, आंबा, आईन, काटेसावर आणि पांगारा लावावेत आणि बाहेरच्या कडेला कळकाची बेटे. अर्जुन आणि ताम्हण फार सुंदर झाडे आहेत, पण आपल्या ओढ्यावर किंवा शेजारच्या ओढ्यावर ती आपोआप वाढलेली दिसत नसतील, तर लावण्याचा मोह टाळावा. सुबाभूळ, गिरिपुष्प, निलगिरी आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ फुकट मिळाली तरी घेऊ नयेत.

ओळी आखून सारख्या अंतरावर लावण्यापेक्षा पुंजक्यांनी लावावे. कोस्टा रिकाच्या दक्षिण भागात जुन्या कुरणांवर 2004 ते 2006 या काळात सुरू झालेल्या प्रयोगांत अशा पुंजक्यांची तुलना पूर्ण लागवडीशी केली गेली आणि दहा-बारा वर्षांनी, कितीतरी कमी रोपे लावूनही, पुंजक्यांभोवतीचे जंगल पूर्ण लागवडीच्या बरोबरीला येताना दिसले. आपल्याकडे 10 ते 15 रोपांचा एक पुंजका, दीड-दोन मीटर अंतराने, खुंट नसलेल्या मोकळ्या जागी करावा आणि दोन पुंजक्यांमध्ये 15-20 मीटर जागा मोकळी सोडावी. ती जागा बुलबुल आणि वटवाघळे भरतात.

बी गोळा करण्याचे वेळापत्रक रोपवाटिकेपेक्षा झाडांच्या सोयीने ठरते. जांभळाचे बी वाळले की मरते, म्हणून फळ खाल्ल्यावर पंधरा दिवसांच्या आत पेरावे. करंजाचे बी वर्षभर टिकते आणि पहिल्या पावसानंतर थेट जागेवर दोन-तीन सेंटिमीटर खोल टोकले तरी चालते. बेहड्याचे कठीण बी एक दिवस पाण्यात भिजवावे. उंबराची पिकलेली फळे पाण्यात कुस्करावीत, तळाला बसलेले बारीक बी वाळूत मिसळून वाफ्यावर भुरभुरावे आणि त्यावर माती टाकू नये, कारण ते उजेडात उगवते. त्याचे रोप सुरुवातीला फार नाजूक असते, म्हणून दोन वर्षे वाढवूनच लावावे. इतर रोपेही तीन-चार फूट उंचीची असावीत. त्याहून लहान रोप गवताखाली दबून जाते.

वरच्या कोरड्या पट्ट्यात मात्र खड्डा हवा, 45 सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल, तोही उन्हाळ्यात खणून तापू दिलेला. लावल्यानंतर रोपाभोवती हातभर त्रिज्येचे आळे करावे, त्यातले गवत पहिली दोन वर्षे पावसाळ्यात दोनदा आणि दिवाळीनंतर एकदा काढावे आणि तेच गवत आच्छादन म्हणून पसरावे. आळ्याबाहेरचे गवत काठाची माती धरून असते, ते तसेच राहू द्यावे.

घाणेरीविषयी स्वतंत्रपणे सांगायला हवे. सगळी जाळी एकदम साफ करू नये. तिच्या काट्यांच्या आडोशाने गुरांपासून वाचलेली जांभळाची आणि बेहड्याची रोपे आत उभी असतात, म्हणून आधी वाकून पाहावे. मग वरच्या टोकापासून सुरुवात करून एका वर्षी एक तृतीयांश भाग काढावा. नुसते छाटल्याने ती दुप्पट जोमाने फुटते. बुंध्याखाली सात-आठ सेंटिमीटरवर मुख्य मूळ कुदळीने तोडावे आणि झुडूप उलटे करून दुसऱ्या झुडपावर टांगून ठेवावे, म्हणजे ते पुन्हा मूळ धरत नाही. फुले येण्याआधीचा काळ साधला तर बी पसरत नाही. तीव्र उताराच्या काठावर मूळ उपटण्याआधी शेजारी निरगुडीचे फाटे रुजलेले असावेत.

पुढची वर्षे

दर पुरानंतर दुसऱ्याच दिवशी चालून जावे, रोपांवर आडवा पडलेला काडीकचरा काढावा आणि वाकलेले फाटे सरळ करावेत. त्याच चार जागांवरून, त्याच महिन्यात, दरवर्षी छायाचित्रे घ्यावीत. एप्रिलमध्ये दुपारी बारा वाजता उघड्या डोहात आणि सावलीतल्या डोहात साधा तापमापक बुडवून आकडे लिहून ठेवावेत. पडलेली पाने पाण्यात कुजू लागली की दगडांखाली खेकडे आणि किड्यांच्या अळ्या वाढतात, मग त्यांच्यामागे चतुर आणि टाचण्या (चतुरासारखेच पण सडपातळ कीटक) येतात. शीळकरी कस्तुराची शीळ एखाद्या पहाटे या पट्ट्यात ऐकू आली, तर सावली दाटली असे समजावे.

शेंडे जनावराच्या तोंडाबाहेर, म्हणजे साधारण अडीच मीटरवर गेले की बाहेरच्या पट्ट्यात हिवाळ्यात थोडे दिवस गुरे सोडायला हरकत नाही. शेळ्यांना आणखी काही वर्षे दूर ठेवावे, कारण त्या मागच्या पायांवर उभ्या राहून फांद्या ओढतात. काम नेहमी वरून खाली, जिवंत राईला लागून करत यावे, कारण पूर आणि बी दोन्ही वरूनच येतात. पहिल्या तुकड्यावर पाचव्या-सहाव्या वर्षी बाहेरचे जिवंत कुंपण पुरेसे दाटले की तार आणि खांब काढून घ्यावेत, पाणवठ्याचे दगड पुन्हा बसवून घ्यावेत आणि तीच तार ओढ्याच्या खालच्या पुढच्या वळणावर न्यावी.